मूठ वळेपर्यंत

माझं दुखणं गुडघ्यापासून नाही, बोटांपासून सुरू झालं. दोन्ही हातांची मधली पेरं सुजायची, मनगटं गरम लागायची आणि सकाळी उठल्यावर मूठच वळायची नाही. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. थंडीत हात आखडतातच, असं सगळे म्हणाले, मलाही ते पटलं. पण होळी झाली, ऊन तापायला लागलं, तरी शाळेची पहिली घंटा होईपर्यंत बोटं मोकळी होईनात. खडू धरला की अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. डब्याचं झाकण उघडता येत नाही हे मुलांच्या लक्षात आलं होतं. मधल्या सुट्टीत कुणीतरी न सांगता पुढे यायचं, "बाई, द्या इकडे."

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून झीज म्हणून सांगितलं, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितली. घरात सासूबाईंनी वांगं-बटाटा बंद केला, "आंबट तर तोंडालाही लावू नकोस गं" म्हणाल्या. एका नातेवाइकांनी लांबून पुड्या आणल्या, वर ना नाव ना घटक. त्या मी घेतल्या नाहीत. आमच्या आळीतल्या एका काकूंनी तशाच पुड्या घेतल्या होत्या. आठवड्याभरात पळायला लागल्या आणि पुढे चेहरा सुजला, साखर वाढली. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं झटकन थांबतं ते त्यामुळेच, आणि पुडी एकदम बंद केली तर जिवावरही बेतू शकतं.

खरी दिशा मिळाली ती आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या एका प्रश्नाने. "सकाळचं आखडलेपण किती वेळ टिकतं?" झिजेच्या संधिवातात ते बहुधा अर्ध्या तासात जातं. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडमध्ये, जिथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तासभर, कधी त्याहून जास्त राहतं. दुसरी गोष्ट त्यांनी माझा हात हातात घेऊन दाखवली: झीज नखाजवळच्या पेरांत जास्त दिसते, माझी ती पेरं चांगली होती आणि सूज मधल्या पेरांत, बोटांच्या मुळांशी, मनगटात होती, तीही दोन्ही हातांत सारखी. ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, वाढलेल्या निघाल्या. आमवात ओळखायच्या दोन रक्ततपासण्यांपैकी आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, पण अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे आमवात नाहीच, असं धरून कितीतरी बायका घरी बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. त्यांनी मला पुण्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ह्यांनी मोबाइलवर नाव टाकलं आणि पहिलं काय दिसलं, तर कॅन्सर. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: कॅन्सरमध्ये हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात, आमवातात अगदी कमी मात्रेत, आणि आठवड्यातून फक्त एकदा. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर ती विषासारखी बाधते. म्हणून मी शनिवार ठरवला, म्हणजे मळमळलं तर रविवार हाताशी असतो. कालनिर्णयवर सगळ्या शनिवारांना लाल गोल केले, आणि गोळी घेतली की त्या गोलावर काट मारते. सोबत या गोळीचा त्रास कमी करणारं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व असतं, ते शनिवार सोडून. ठरावीक अंतराने रक्त तपासायचं: पेशी, लिव्हर, किडनी. दारू पूर्ण बंद, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईने हे औषध चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, हे डॉक्टर प्रत्येक तरुण पेशंटला बजावून सांगतात.

या दोन गोळ्यांबद्दल मला नंतर कळलेली गोष्ट सांगायलाच हवी. आंध्रातल्या भीमावरमला 1895 साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झालं ते त्यांच्याच गटाकडून, आणि मेथोट्रेक्सेटही त्याच कामातून पुढे आलं. 1948 मध्ये ते गेले. अमेरिकेत हे औषध आमवातासाठी मंजूर झालं ते थेट 1988 मध्ये. माझ्या डबीत त्या दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी असतात आणि दर शनिवारी मला या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते.

गुण लगेच येत नाही. सहा ते बारा आठवडे लागतात आणि तोच काळ सगळ्यात अवघड. तेव्हा मला धरून ठेवलं ते फिजिओथेरपिस्ट ताईंनी. त्या म्हणाल्या, "मॅडम, सांध्यावरचा भार कमी करा, हालचाल कमी करू नका." विश्रांतीचा सल्ला ऐकून मी हात मांडीवर ठेवून बसायला लागले होते आणि त्याने बोटं जास्तच धरत होती.

आता गजर नेहमीपेक्षा लवकर होतो. आधी पांघरुणातच घोटे गोल फिरवायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. मग घमेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी, त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत. पाण्यातच बोटं एकेक करून अंगठ्याला लावायची, पंजा पूर्ण पसरायचा, मूठ मिटायची, जितकी मिटेल तितकीच. आधी करंगळी तळव्याला टेकते, मग अनामिका. तर्जनी सगळ्यात हट्टी. ती टेकली की मी चहा ठेवते. सांधा लाल होऊन तापलेला असेल त्या दिवशी मात्र शेक नाही, थंड पट्टी आणि हलक्या हालचाली, एवढंच.

स्वयंपाकघर तर नव्यानेच लावावं लागलं. लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्यायचं, हा ताईंचा नियम. दुधाचं पातेलं सांडशीने एका हाताने उचलणं बंद, आता दोन कानांची पातेली, खालून दोन्ही तळवे लावून. भाजीची पिशवी बोटांत अडकवायची नाही, खांद्याला लावायची. नळाच्या गोल चकत्या काढून दांडीचे नळ बसवले. कपडे पिळणं पूर्ण बंद, कारण त्या पिळ्याने मनगट दोन दिवस बोलत राहतं. भाकरी सुटली याचं वाईट वाटतं. थापताना तळव्याचा जोर बोटांच्या मुळांवर येतो. आता भाकरी हे थापतात आणि ती चांगली फुगते. शाळेत खडूला जाड होल्डर लावलाय, पेनावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय.

पायांचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. आमवात चवड्यातही येतो. फरशीवर अनवाणी चालताना वाळूवर पाय पडल्यासारखं वाटायचं. कडक तळाच्या चपला गेल्या, घरातही मऊ सोलचं पायताण आलं. सासूबाईंना स्वयंपाकघरात पायताण रुचलं नाही. मग घरापुरता वेगळा धुतलेला जोड ठेवला आणि तो विषय मिटला. एसटीच्या पायऱ्या उंच असतात; चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यावी लागली तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, हेही ताईंनीच शिकवलं.

वाईट दिवस अजून येतात, त्या दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेते आणि जास्तीची कामं सोडते. एकच सांधा अचानक लाल होऊन ताप आला, तर मात्र घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, कारण ही औषधं चालू असताना जंतुसंसर्ग लपून वाढू शकतो.

या हिवाळ्यात शाळेची सहल सज्जनगडला गेली. मी काठी घेऊन, थांबत थांबत वर गेले. चौथीतल्या दोन मुली पूर्ण वेळ माझ्या मागेच राहिल्या, पुढे जा म्हटलं तरी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चवडा सुजला, थंड पट्ट्या ठेवल्या, सोमवारी शाळेत होते. मार्चमध्ये पुन्हा पुण्याला तपासणी आहे. सीआरपी असाच खाली राहिला तर गोळीची मात्रा थोडी कमी करून बघू, असं डॉक्टर म्हणालेत.