जपानची दुसरी फेरी: यादीत नागासाकी कसं आलं

पहिल्या जपानवारीत बहुतेक लोक करतात तेच आम्ही केलं: टोकियो, फुजीचं दर्शन, क्योतो, ओसाका. दुसऱ्या फेरीची यादी करायला बसलो तेव्हा नावं भराभर जमली. साप्पोरो, कानाझावा, ओकायामा, हिरोशिमा, नागासाकी. सगळी घेतली असती तर निम्मी सुट्टी बॅगा ओढण्यात गेली असती.

साप्पोरो थेट उत्तरेला, ते लगेच गळलं. कानाझावा सोडताना मात्र जीव तुटला. तिथली केनरोकुएन ही जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. शिवाय महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले नाहीत, त्यामुळे सामुराईंची वस्ती आणि चहाघरांच्या गल्ल्या अजून टिकून आहेत. पण मार्च २०२४ मध्ये होकुरिकू शिंकानसेन, म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन, त्सुरुगापर्यंत वाढली, आणि तेव्हापासून ओसाकाहून कानाझावाला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. टोकियोहून थेट गाडी अडीच तासांत पोचवते. आम्ही ओसाकाला उतरणार होतो, टोकियोला जाणारच नव्हतो.

मग पश्चिमेचा मार्ग ठरला. सान्यो शिंकानसेनवर ओसाका, ओकायामा, हिरोशिमा आणि फुकुओकाचं हाकाता स्टेशन ओळीने येतात. परतीचं विमान फुकुओकाहून घेतलं, म्हणजे त्याच वाटेने मागे यायला नको. देशभर चालणारा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, त्यामुळे तो आता डोळे झाकून घेण्यात अर्थ नाही. या पट्ट्यासाठी सान्यो-सानइन पास आहे. तो हाकातापर्यंत चालतो आणि त्यावर वेगवान नोझोमीतही बसता येतं.

नागासाकीवरून घरात बरीच चर्चा झाली. "अगं, अणुबॉम्बची दोन शहरं कशाला? हिरोशिमा पाहतोयच की," नवऱ्याचं म्हणणं. मी हटले नाही, कारण मी वसईची. गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं कॉलेज आमच्या गावात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलातल्या वसईत जन्मलेला हा माणूस आधी व्यापारी होता, पुढे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघात बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमावरून नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

टेकडी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. वर १९६२ साली उभारलेलं स्मारक आहे: एका भिंतीवर ओळीने सव्वीस कांस्यमूर्ती. त्यांच्यात आपल्या वसईचा माणूस आहे, या विचारानेच मला भरून आलं. हात आपोआप जोडले गेले.

आणि नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. ही दोन शहरं एकमेकांसारखी नाहीत. हिरोशिमा नदीच्या त्रिभुज प्रदेशात, सपाट. तिथे स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, ट्रामचा एक तुकडा पुन्हा चालू झाला होता. त्याच दिवशी नागासाकीवर बॉम्ब पडला. नागासाकी डोंगरांत दडलेलं. तिथे बॉम्ब फुटला तो उराकामी खोऱ्यावर, म्हणजे अडीचशे वर्षं धर्म लपवून जगलेल्या ख्रिस्ती लोकांच्या वस्तीवर. उराकामीचं कॅथेड्रल त्यात कोसळलं. हे हिरोशिमात उभं राहून कळत नाही.

हाकाताहून नागासाकीला जाताना ताकेओ-ओनसेनला गाडी बदलावी लागते, पण समोरच्याच फलाटावर. एकूण दीड तासाच्या आत पोचतो. म्हणून बरेच जण फुकुओकाहून एका दिवसात जाऊन येतात. तसं करू नका. देजिमा हे डच व्यापाऱ्यांचं जुनं ठाणं, उराकामी, निशिझाका आणि रात्री इनासा डोंगरावरून दिसणारं बंदर एवढ्यासाठी निदान दोन रात्री द्या. दिवस कमी पडत असतील तर ओकायामा गाळा. तिथली कोराकुएन बागही त्या तिघींपैकीच एक, फार सुंदर आहे, पण नागासाकीच्या बदल्यात ती मी घेणार नाही.