पट झाकून ठेवण्याचा प्रयोग : तिसरा महिना

बुद्धिबळातील अंतिम डावांच्या रचना सोडवण्याच्या माझ्या उपक्रमाला तिसरा महिना लागला आहे. पहिले दोन महिने रचना सुटेपर्यंत उठायचे नाही असा हट्ट होता. आता ४० मिनिटांत उत्तर मिळाले नाही, तर मांडलेल्या पटावर पंचा टाकून मी दुसऱ्या कामाला लागतो; प्रश्न बाजूला ठेवला की उत्तर सुचते म्हणतात, ते खरे का ते पाहायला.

या महिन्यात सर्वाधिक छळले ते साव्हेद्राच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रचनेने. (जाणकारांनी हसू नये, मी ती आजवर पाहिली नव्हती.) (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८.) पांढऱ्याचा राजा बी ६ वर, प्यादे सी ६ वर, काळ्याचा राजा ए १ वर, हत्ती डी ५ वर, पांढऱ्याने खेळून जिंकायचे. प्यादे सी ७ वर सरकवले की हत्ती शहावर शह देत सुटतो आणि राजा एकेक घर उतरत सी २ वर येतो. मग हत्ती डी ४ वर जातो, आणि इथेच माझे गाडे अडले. शेवटच्या रांगेत, सी ८ वर, पोचलेल्या प्याद्याचा वजीर केला, तर हत्ती सी ४ वरून शह देतो. वजिराने त्याला मारले, तर काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही, म्हणजे डाव बरोबरीत.

नियम मोडून ७० मिनिटे बसलो आणि शेवटी मेथी निवडायला घेतली. अर्धी जुडी झाली असेल, तेव्हा उत्तर नव्हे, प्रश्न सुचला : वजीरच कशाला? सी ८ वर प्याद्याचा वजिराऐवजी हत्ती केला, तर ए ८ वरून मात होऊ नये म्हणून काळ्याला आपला हत्ती ए ४ वर आणावाच लागतो; मग राजा बी ३ वर येताच तो हत्तीही माऱ्यात सापडतो आणि सी १ वरून मातही समोर दिसते. १८९५ मध्ये ग्लासगो येथे ही रचना आधी बरोबरीची म्हणूनच छापली गेली होती. तिथे राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूने हत्तीची चाल दाखवली, हे नंतर वाचून जरा बरे वाटले.

माझ्या पाठीमागे अबोध मन चाली मोजत होते असे मला वाटत नाही. ‘प्यादे म्हणजे वजीर’ ही पकड तेवढी सैल झाली असावी. मात्र आधी डोके घासलेले असावे लागते, हे गणिती प्वँकारे यांनीही बजावले आहे. एक पट पाच मिनिटांत झाकला, तर काहीच सुचले नाही. दुसऱ्या पटासाठी बाहेर फिरताना सुचलेली झकास चाल मांडून पाहताच कोसळली.

सध्या पंच्याखाली बुद्धिबळपटू रेटी याची १९२१ सालची रचना आहे. एच ८ च्या कोपऱ्यातला पांढरा राजा एच ५ वरून पळणाऱ्या काळ्या प्याद्याला कसा गाठणार, हे अजून दिसलेले नाही; कृपया कोणी सांगू नये.