कंपनी पैसे देतेय, तर घेत का नाही?

देणगीदार विचारतात, पत्रकार विचारतात, घरचेही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यातली हवा कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूर ८३.८८ वर होतं. सत्तरच्या पुढे म्हणजे अतिगंभीर. आमची छोटी संस्था तिथल्या मुलांच्या श्वासाची नोंद ठेवते. काटा असलेली प्लास्टिकची नळी, मूल तीनदा जीव खाऊन फुंकतं, त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत जातो. या कामाला मुंबईच्या एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी यायचा. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, असा निधी पुढे दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि आमच्याकडे येणारे पैसे थांबले. राहिला सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, शक्यतो आसपासच्या भागात. आमच्या आसपास नफा कुणाला होतो? ज्यांची धुराडी आहेत त्यांनाच.

त्यांतल्याच एका कंपनीने बोलावलं. अधिकारी सभ्य होते. फिरता दवाखाना, डॉक्टर, औषधं, वाफ द्यायची मशीन, सगळं द्यायला तयार. करारात एक कलम होतं : नोंदींची मालकी कंपनीची, लेखी परवानगीशिवाय त्या कुणालाही दाखवायच्या नाहीत. मी विचारलं, ग्रामपंचायतीला? नाही. मुलाच्या आईला? ते म्हणाले, "तिच्या मुलाचा आकडा सांगा की. गावाचा नको." एका मुलाचा आकडा म्हणजे आजार. गावाचा आकडा म्हणजे पुरावा. हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मी सही केली नाही.

गावात हे कळलं तेव्हा एक आई भेटायला आली. तिच्या मुलाला दमा आहे, रात्री-बेरात्री तालुक्याला न्यावं लागतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्या वहीनं माझ्या पोराले वाफ भेटते का?"

मी तिला सरकारी दवाखान्याचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं. ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

तरीही माझं म्हणणं ऐका. हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. वाफ घेतलेलं मूल परत त्याच हवेत जाणार. गावाचा आकडा दडवला तर ती हवा बदला म्हणून कुणाकडे आणि कशाच्या जोरावर मागायचं?

सुरुवातीला मीच म्हणायचे, पैसा कुणाचाही असो, लोकांच्या कामी आला म्हणजे झालं. तेव्हा अशाच पैशातून शाळेत स्वच्छतागृहं बांधली. मुली आजही वापरतात. त्या वेळच्या मला खोडून काढणं मला जमत नाही. आणि शहरातले देणगीदार? झाडं लावायला, मास्क वाटायला लगेच तयार होतात. नोंदी ठेवणाऱ्या बाईचा पगार पाच वर्षं देतो, असं कुणी म्हणत नाही.

आता तीच कंपनी पुन्हा आली आहे. कलम सौम्य केलंय : नोंदी वर्षभराने जाहीर करता येतील. काही विश्वस्तांना हे पुरेसं वाटतं. मी विरोधात मत देणार आहे. त्या आईलाही बैठकीला बोलावलंय. ती बहुधा घ्या म्हणेल.