होक्काइदो विद्यापीठ: ॲडमिशनच्या आधी कॅम्पस पायी फिरून आले

जपानमध्ये मास्टर्स करायचं तर फॉर्म भरायच्या आधी सेन्सेई शोधावे लागतात. ज्यांच्या लॅबमध्ये काम करायचं त्या प्रोफेसरांना मेल करायचा, आपला विषय सांगायचा, ते हो म्हणाले की मग पुढची कागदपत्रं. माझं हे मेल पाठवणं उन्हाळ्यापासून चालू होतं, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या सापोरोतल्या होक्काइदो विद्यापीठातल्या एका सेन्सेईंशी, विषय कांद्याची साठवण. आम्ही निफाड तालुक्यातले, घरचा कांदा, तो साठवायची घरची कांदाचाळ, आणि चाळीतला उन्हाळ कांदा पावसाळ्यात कसा सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं हे लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे विषय शोधत बसावं लागलं नाही. पण दोन-तीन वर्षं जिथे राहायचं ती जागा एकदा डोळ्यांनी बघावी असं फार वाटत होतं, आणि दादा-वहिनी तोक्योत निशी-कासाईला राहतात म्हणून जमलं, नाहीतर नुसता कॅम्पस बघायला एवढा खर्च झेपला नसता.

ऑक्टोबर संपत आलेला. हानेदाहून विमानाने शिन-चितोसे, तिथून ट्रेनने सापोरो, आणि स्टेशनच्या उत्तरेकडच्या दाराने बाहेर पडलं की काही मिनिटं चालून थेट विद्यापीठ! वीस लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आणि त्याच्या मधोमध एवढं मोठं हिरवं आवार. गेटवर कुणी अडवत नाही, ओळखपत्र मागत नाही. आत गेलं की हिरवळ, मधून छोटासा ओढा, त्यात बदकं, आणि कडेने शिशुवर्गातली पोरं एकसारख्या टोप्या घालून चाललेली. गावातले आजी-आजोबा फिरायला येतात तेही इथेच. विद्यापीठ शहरापासून वेगळं पडलेलं नाही हे मला सगळ्यात आधी आवडलं.

गिंकोच्या झाडांची रांग तेव्हा ऐन रंगात होती, 380 मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूला मिळून 70 झाडं, सगळी पिवळीधमक. फोटो काढायला तुफान गर्दी. खाली पडलेल्या पिकल्या बियांना उग्र वास येतो तो मात्र फोटोत येत नाही. क्लार्क साहेबांचा अर्धपुतळाही बघितला. हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या कृषी कॉलेजचे प्रमुख, 1876 मध्ये इथे सापोरो कृषी महाविद्यालय सुरू झालं तेव्हा आले आणि आठ-नऊ महिन्यांत परतही गेले, पण इतक्या वर्षांनंतरही सगळे त्यांचं नाव घेतात. आज इथे मेडिकल, इंजिनिअरिंग सगळं आहे पण मूळ शेतीचं कॉलेज, आणि ते जाणवतं, पॉप्लरच्या रांगेशेजारी अजून प्रयोगाची शेतं आहेत.

मला मात्र खरं बघायचं होतं ते उत्तरेच्या टोकाला असलेलं जुनं शेत, दुसरं फार्म म्हणतात त्याला. तिथे गोठे, धान्याची कोठारं अशा लाकडी इमारती जपून ठेवल्यात, काही 1877 सालच्या, प्रवेश फुकट. त्यातली मक्याची कोठी बघून मी थांबलेच. जमिनीपासून उंच उचललेली, उंदीर चढू नयेत म्हणून खांबांवर आडोसा केलेला, आणि खालून हवा खेळती राहील अशी सोय. अहो, आपली कांदाचाळ याच तत्त्वावर उभी असते की! लगेच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, निफाडला तेव्हा सकाळ होती, तर त्यांनी इमारत समोरून बघितलीच नाही, आधी खालची बाजू दाखव म्हणाले, मग फळ्यांमधली फट दाखव, मग वारा कुठल्या दिशेने येतो ते विचारलं. मी कॅमेरा घेऊन चारी बाजूंनी फिरले.

सेन्सेईंची भेट दुसऱ्या दिवशी होती. दिलेल्या वेळेच्या ठोक्याला ते दारात उभे, मी लोणावळ्याची चिक्की दिली ती त्यांनी लगेच लॅबमधल्या सगळ्यांना वाटली. त्यांच्याकडून कळलं ते ऐकून अंगावर काटा आला, जपानमध्ये बाजारासाठी कांदा पिकवायला सुरुवात झाली ती याच सापोरोत, आणि क्लार्क यांच्यानंतर राहिलेले ब्रुक्स नावाचे प्राध्यापक शेतकऱ्यांना कांदा लावायला शिकवत होते. आज जपानचा निम्म्याहून जास्त कांदा होक्काइदोचा. पण त्यांचा कांदा मोठ्या दिवसाचा, म्हणजे दिवस मोठा असताना पोसणारा, उन्हाळ्यात वाढून ऑगस्ट-सप्टेंबरला निघणारा, आणि साठवायचा तो थंडीत. आपला लहान दिवसाचा, साठवायचा तो ऐन उकाड्यात आणि पावसात. म्हणजे इथली पद्धत उचलून तिकडे लावता येणार नाही, आणि सेन्सेईंचं म्हणणं हेच की तुझा प्रश्न इथूनच सुरू व्हायला पाहिजे. मेलवर इतके महिने बोलून हे इतकं स्पष्ट झालं नव्हतं.

दुपारी लॅबमधल्या एका बांगलादेशी दीदीने कॅन्टीनला नेलं. ट्रे घ्यायचा, हव्या त्या वाट्या उचलायच्या, तेवढेच पैसे. शाकाहारी लोकांनी नीट लक्षात ठेवा, मिसो सूप साधं दिसतं पण त्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, भाज्यांच्या रश्शातही. मी भात, थंड टोफू आणि सॅलड खाल्लं. दीदी रात्रीचं जेवण घरीच करते, आणि तिचा आग्रह एकच होता की लॅबमधल्या गप्पा, शेतकऱ्यांशी बोलणं सगळं जपानीत चालतं, कोर्स इंग्रजीत असला तरी भाषा सोडू नकोस. पुण्यात जपानी भाषेची एन-फोर लेव्हलची परीक्षा पास केलीय, आता पुढची लेव्हल करायलाच हवी.

पैशांचं सांगायचं तर मास्टर्सची फी वर्षाला 5,35,800 येन, शिवाय पहिल्यांदा 2,82,000 येन प्रवेश शुल्क. जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप मिळाली तर फीचा प्रश्न सुटतो, त्यामुळे तिचा अर्जही भरतेय. हिवाळ्यात इथे एकूण पाचेक मीटर बर्फ पडतो, खोली बघताना हीटर रॉकेलवर चालतो का गॅसवर ते आधी विचारा, त्याचं बिल भाड्याशिवाय वेगळं येतं. बर्फात न घसरणारे बूट भारतातून आणू नका, सापोरोतच घ्या असं दीदी म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, कॅम्पस दिसेल पण लॅबमधली माणसं भेटणार नाहीत. आणि सेन्सेईंना किमान महिनाभर आधी मेल करा. माझं एप्रिलपासून रिसर्च स्टुडंट म्हणून, म्हणजे मास्टर्सच्या आधी तयारीसाठी लॅबमध्ये, जायचं ठरलंय, मास्टर्सची प्रवेश परीक्षा त्यानंतर, त्यामुळे सध्या संशोधनाचा आराखडा पहिल्या ओळीपासून परत लिहायला घेतलाय, यावेळी उकाडा आणि दमट हवा यांच्यापासून सुरुवात करून.