मोफत डबे कुठल्या रकान्यात? मुद्रा कर्जाचा माझा अनुभव

कर्ज मिळालं, मशीन आलं, हप्तेही वेळेवर जाताहेत. तरी त्या फाइलचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते. सांगली-मिरजेकडं कुणी डबे, खानावळ, पोळी-भाजी असला धंदा करत असेल आणि त्यातून कुणाला चार घास फुकट देत असेल, तर त्याला उपयोग होईल.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरसाहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून जत, अथणी, जमखंडी, पार विजापूरकडून माणसं इथं येतात. पेशंटचं खाणं कसंतरी निभावतं. हाल होतात ते बाहेर चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांचे. माझ्या सासूबाई नर्स होत्या, त्या ड्यूटीवर जाताना दोन भाकऱ्या जास्त घेऊन जायच्या. मी तेच डब्यात घातलं, एवढंच. दोन भाकऱ्या नाहीतर तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात, ६० रुपये. कानडी मुलखातली माणसं मला अक्का म्हणतात, मीही मोडक्यातोडक्या कानडीत ‘ऊटा आयता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ विचारते.

पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवला. पवित्र शास्त्रात लेवीयाच्या पुस्तकात १९व्या अध्यायात आहे, की पीक कापताना शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. माझ्याकडं शेत नाही, डबे आहेत. म्हणून रोजचे ५ डबे कोपऱ्याचे. वहीत एका बाजूला विकलेले डबे, दुसऱ्या बाजूला ‘कोपरा’ आणि आकडा. नाव लिहीत नाही. घेणाऱ्याचा धर्म तर विचारायचाच नाही.

धंदा वाढला, कणीक मळून हात भरून यायला लागले, तेव्हा कणीक मळायचं मशीन, मोठी भट्टी आणि डबे पोचवायला एक गाडी अशी ४ लाखांची गरज निघाली. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढं ५ लाखांपर्यंत किशोर. म्हणजे मी किशोर. बाकीचे कागद भराभर झाले. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी आधारवर घरबसल्या होते आणि फुकट होते, त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकायची सरकारी नोंदणी माझी होतीच. तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये पडायचे.

अडलं ते ताळेबंदावर.

मुद्रात २ लाखांच्या वरचं कर्ज असलं की मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि रिटर्न मागतात, शिवाय पुढचा अंदाजही. माझं रिटर्न आयकराच्या ४४एडी कलमाखाली, उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून भरलेलं. त्यामुळं आयकराला कोपऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण बँकेला ताळेबंद हवा म्हटल्यावर माझी वही सीएच्या टेबलावर गेली. त्यांनी विचारलं, ‘हे रोजचे पाच कुठं जातात?’ मी सांगितलं. डब्याला सामान, गॅस, मजुरी धरून ४० रुपये खर्च, म्हणजे दिवसाला २००, वर्षाला ६० हजारांच्या वर. त्यांनी मान डोलावली आणि संगणकात टाकलं: जाहिरात खर्च.

मी म्हटलं, अहो, जाहिरात कुठली? तर म्हणाले, ‘मॅडम, फुकट डबा खाल्लेला माणूस चार जणांना तुमचं नाव सांगतो. जाहिरातच झाली.’ आता यावर काय बोलणार? ज्या प्रभूनं उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका म्हणून शिकवलं, त्याच्या नावानं केलेलं मी जाहिरातीत दाखवू? सही करताना माझा हात अडखळला. ते बदला म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण बदललं आणि नुसतं ‘मोफत डबे’ लिहिलं.

बँकेतल्या साहेबांनी नेमकं तेच लाल पेनानं गोल केलं. दोनदा. ‘तुम्ही धंदा करताय की पुण्य कमवताय?’ हे पहिलं वाक्य. मग कॅल्क्युलेटर ओढला आणि मला दाखवलं, की हे ५ डबे बंद केले तर नफा ६० हजारांनी वाढतो आणि हप्ता आरामात बसतो. हप्ता पावणेनऊ हजारांच्या जवळ जाणार होता. हिशेब त्यांचा बरोबर होता, राग त्याचाच जास्त आला. मी म्हटलं, डबे बंद होणार नाहीत. ते म्हणाले, मग बघू. हे ‘मग बघू’ किती लांबतं ते बँकेत खेटे घातलेल्यांना सांगायला नको. दर वेळी फाइल त्याच गठ्ठ्यात, वरून थोडी खाली सरकलेली.

मधे त्यांची बदली झाली. वाटलं, सुटले. नवीन मॅडमनी तोच गोल बघितला आणि म्हणाल्या, हे दान आहे, तर ट्रस्ट करा, धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी करा, धंदा वेगळा ठेवा. पाच डब्यांसाठी ट्रस्ट! विश्वस्त कोण, मी आणि कुकर? तिथंच शेजारी बसलेल्या एका ओळखीच्या एजंटानं हळूच सुचवलं, ‘खराब झालेलं अन्न’ म्हणून दाखवा, सगळे हॉटेलवाले दाखवतात. म्हणजे पोटात गेलेलं अन्न उकिरड्यात गेलं म्हणून लिहायचं. खोट्या वजनाची तागडी परमेश्वराला चालत नाही, तर खोटा ताळेबंद तरी कसा चालेल?

घरातही शांतता नव्हती. नवऱ्याचं म्हणणं, उत्पन्नाचा दशांश चर्चच्या मंडळीत देतोच की, मग हा दुसरा दशांश कशाला? पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मला धीर दिला, पण ताळेबंदाचं त्यांना काय सांगणार?

सुटका झाली ती उपासनेनंतरच्या चहाला. आमच्या मंडळीचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. काकांनी ताळेबंद चष्मा कपाळावर सारून बघितला आणि म्हणाले, ‘हे खर्चात आलंच कसं? धंद्यानं दान केलं नाही, तू केलंस. मालकाची उचल लिही.’

उचल! घरखर्चाला मी गल्ल्यातून काढते तशीच. डबे माझे, माझ्या वाटणीतून मी ते उचलले आणि कुणाला दिले हा माझा प्रश्न. साठ हजार खर्चातून निघाले, नफा पूर्ण दिसला, आणि भांडवलात उचल तेवढी वाढली. एक अक्षर खोटं नाही. सीए म्हणाले, असंही चालतं. चालत होतं तर आधी का नाही सुचलं, हे मी विचारलं नाही, पण त्यांची फी देताना मनात आलं. बँकेतल्या मॅडमनी नवा ताळेबंद बघितला, उचल जरा जास्त आहे म्हणाल्या. मी म्हटलं, घरात खाणारी माणसं जास्त आहेत. त्या हसल्या आणि फाइल पुढं गेली.

म्हणून पहिली सूचना हीच: तुम्ही मालक एकटे असाल आणि धंद्यातून कुणाला काही देत असाल, तर सीएला पहिल्याच दिवशी ते उचलीत घ्यायला सांगा. आणि त्यावर देणगीची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) मागायला जाऊ नका. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीला मिळते, व्हरांड्यातल्या माणसाला दिलेल्या डब्याला नाही. मीही विचारून बघितलं होतं.

दुसरं, अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. बँकेला कर्ज नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, तसं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. ‘मग बघू’ हे कारण नाही. हे मला काकांनी सांगितलं, आधी माहीत असतं तर त्या पहिल्या साहेबांसमोर मी वेगळ्या आवाजात बोलले असते. १० लाखांच्या आतल्या अशा कर्जाला तारण मागता येत नाही, हेही पाठ करून जा, कारण माझ्याकडं घराचा उतारा मागितला होता.

रविवारचंही विचारतात. आमच्याकडच्या दोघी सकाळचे डबे करतात, मी उपासना आटोपून एकच्या सुमारास येते. बँकेला वाटलं, रविवारी बंद म्हणजे महिन्याचे २६च दिवस. रविवारी भेटायला येणारे जास्त, विक्री उलट वाढते, हे वहीतून दाखवावं लागलं. त्यामुळं वही रोज लिहा, वारासकट. आणि उधारी वेगळ्या पानावर. जतकडचा एक जण सुगीनंतर उधारी फेडायला पोतंभर शाळू घेऊन आला, माझी मात्र तो कोणत्या पानावर घ्यायचा याची पंचाईत. काका म्हणाले, बाजारभावानं जमा धर, आणि भाकरी कर.

गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-धंद्याच्या नोंदणीचं सांगायचं राहिलंच. माझ्यासारखी दोन-चारच माणसं कामाला असली की हल्ली लायसन्स मिळत नाही, २०१७च्या कायद्यानं नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. बँकेत काउंटरवर मुलगा ‘लायसन्सच आणा’ म्हणून अडून बसतो. त्याच्याशी वाद घालू नका, पावती घेऊन सरळ आत जा. आणि मशीनचं कोटेशन अर्ज करताना ताजं घ्या. माझी फाइल पडून राहिली तेवढ्यात भट्टीचा भाव वाढला, वरचे पैसे माझ्याच खिशातून गेले. ते मी उचलीत नाही घातले.