जकार्ड लायब्ररीचं डेबियन पॅकेज: डेव्ह पॅकेजनं नेमकं काय मागायचं

लायब्ररी माझ्या मशीनवर नीट चालायला लागली आहे, म्हणून सध्या सगळा मोकळा वेळ पॅकेजिंगला, म्हणजे ती डेबियन लिनक्सवर सहज बसवता येईल अशी बांधायला दिलाय. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: ही सी भाषेतली छोटी लायब्ररी आहे. चादरीच्या डिझाइनची पीएनजी फाइल दिली की बाण्याच्या प्रत्येक धाग्याला जकार्डचे (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे) कोणते हुक उचलायचे ते ती काढून देते. जकार्डच्या पूर्वीच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोक असलं की हुक वर, नसलं की खाली. तेच आता बिटमध्ये. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक डिझायनर काका निकाल तपासून देतात, त्यामुळे विणकामाच्या बाजूची काळजी नाही.

पॅकेजेस दोन: चालवायला लागणारं रनटाइम आणि लायब्ररी वापरून कोड लिहिणाऱ्यांसाठी डेव्ह, ज्यात हेडर (लायब्ररीतली फंक्शन्स कंपायलरला सांगणाऱ्या फाइल) असतात. रनटाइमच्या डिपेंडन्सी (सोबत लागणारी इतर पॅकेजेस) डेबियनचा डीपीकेजी-शलिबडेप्स हा प्रोग्राम तयार बायनरी वाचून स्वतःच भरतो. डेव्हच्या बाबतीत तसं कुणी भरून देत नाही, तिथे आपल्यालाच विचार करावा लागतो.

पहिली डिपेंडन्सी आपल्याच रनटाइमवर, आणि तीही अगदी त्याच आवृत्तीवर. 'यापेक्षा नवीन चालेल' असं लिहून भागत नाही. डेव्हमधली डॉट एसओ (लायब्ररीची फाइल) ही नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव असते, खरी फाइल रनटाइममध्ये. आवृत्त्या वेगळ्या झाल्या तर लिंक हवेत लटकते, किंवा नव्या हेडरवर बांधलेला प्रोग्राम जुन्या लायब्ररीला जोडला जातो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण लगेच कळतच नाही. कंट्रोल फाइलमध्ये (पॅकेजची माहिती लिहायची फाइल) बरोबरचं चिन्ह आणि बायनरी व्हर्जनचं व्हेरिएबल टाकलं की काम झालं. इथे ढिलाई दिसली तर पॅकेजमधल्या चुका शोधणारा लिंटियनही टोकतो.

खरा वेळ गेला तो हेडरवर. आपलं हेडर ज्या हेडरला इन्क्लूड करतं, त्याचं डेव्ह पॅकेज मागायलाच हवं. माझ्या एका फंक्शनला लिबपीएनजीचं (पीएनजी वाचणाऱ्या लायब्ररीचं) स्ट्रक्चर लागत होतं, म्हणून हेडरच्या वरच तिचं पीएनजी डॉट एच इन्क्लूड केलं होतं. म्हणजे फक्त तयार बिट वाचणाऱ्यालाही लिबपीएनजी-डेव्ह घ्यावं लागणार, आणि त्याच्यामागून झेडलिब-वनजी-डेव्हही (लिबपीएनजीला लागणाऱ्या कॉम्प्रेशन लायब्ररीचं) येणार. डिपेंड्सऐवजी (हवंच) रेकमेंड्समध्ये (असलं तर बरं) टाकणं ही पळवाट मला मान्य नाही. पॅकेजेस बांधणारे डेबियनचे बिल्ड सर्व्हर रेकमेंड्स बसवत नाहीत. घरी बांधलं जातं आणि तिथे मोडतं. पॅकेजमध्ये दिलेलं प्रत्येक हेडर कंपाइल व्हायलाच पाहिजे. म्हणून ते फंक्शनच काढलं. आता फाइलचा पाथ किंवा मेमरीतले बाइट द्यायचे, लिबपीएनजी आत झाकलेलं राहतं. डिपेंडन्सीची यादी कंट्रोल फाइलमध्ये लिहितो खरी, पण ती ठरते हेडर लिहितानाच, असं माझं ठाम मत झालंय.

दुसऱ्या लायब्ररीचं रनटाइम पॅकेज हातानं कधीच लिहू नका. ३२ बिटमध्ये २०३८ साली वेळेचा आकडा मावेनासा होतो, त्या अडचणीसाठी २०२४ मध्ये डेबियननं वेळेचा प्रकार ६४ बिटचा केला, तेव्हा लिबपीएनजी१६-१६ चं नाव लिबपीएनजी१६-१६टी६४ झालं. लिबपीएनजी-डेव्ह मात्र तेच राहिलं.

पीकेजी-कॉन्फिगची पीसी फाइल हा वेगळाच विषय. लायब्ररी वापरताना कंपायलरला कोणते पर्याय द्यायचे ते हे टूल त्या फाइलमधून सांगतं. सेटिंगसाठी लिबयामल (यामल फाइल वाचणारी लायब्ररी) आतल्या आत वापरतोय, म्हणून ते पीसी फाइलच्या रिक्वायर्स.प्रायव्हेट या ओळीत होतं. नाव प्रायव्हेट असलं तरी सीफ्लॅग्स (कंपाइलचे पर्याय) विचारताना लिबयामलची पीसी फाइलही शोधली जाते. लिबयामल-डेव्ह नसेल तर तिथेच अडतं. ती ओळ ठेवायची असेल तर लिबयामल-डेव्ह डिपेंड्समध्ये हवं. मी डॉट ए फाइल (स्टॅटिक जोडणीची, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या आतच घालायची) देणं बंद केलं. स्टॅटिक जोडणी नाही म्हटल्यावर ती ओळही गेली.

मग ऑटोपीकेजीटेस्ट (बसवलेल्या पॅकेजची आपोआप चालणारी चाचणी) लिहिली: कोऱ्या क्रूटमध्ये (मशीनमधलीच वेगळी, रिकामी सिस्टिम) फक्त डेव्ह पॅकेज, कंपायलर आणि पीकेजीकॉन्फ (पीकेजी-कॉन्फिगचं काम करणारं पॅकेज) बसवायचं, प्रत्येक हेडर एकटं इन्क्लूड करून छोटा प्रोग्राम बांधायचा आणि चालवायचा. टेस्टवर विश्वास बसावा म्हणून जुनं हेडर मुद्दाम परत ठेवून पाहिलं. पहिल्याच ओळीला 'पीएनजी डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. आपल्या रोजच्या मशीनवर ही ओळ दिसणं अवघड, तिथे सगळी डेव्ह पॅकेजेस आधीच पडून असतात.

आता मल्टी-आर्च सेमचं, म्हणजे एकाच मशीनवर दोन आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकारांची) पॅकेजेस शेजारी बसण्याचं काम बाकी आहे. त्यासाठी दोन आर्किटेक्चरच्या पॅकेजमध्ये एकाच पाथवर येणाऱ्या फाइल हुबेहूब सारख्या लागतात, आणि माझं एक हेडर बिल्डच्या वेळी तयार होतं. ते आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये हलवायचं की त्यातला शब्दाच्या लांबीचा आकडा कंपायलरकडूनच घ्यायचा, हे ठरवतोय. माझा कल दुसऱ्याकडे आहे. कुणी केलं असेल तर सांगा.