‘न कळवता गाडी थांबवली’ या आरोपाची चौकशी: माझा अनुभव

कुपवाड एमआयडीसीतल्या एका औषध वितरकाकडं मी थंड पेटीची छोटी गाडी चालवतो. इन्सुलिन, लसी, काही इंजेक्शनं असा २ ते ८ अंशांत ठेवावा लागणारा माल सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतपर्यंत पोहोचवायचा, हे माझं काम. २०२३ च्या उन्हाळ्यात मला कारणे दाखवा नोटीस आली: ‘कोणतीही सूचना न देता वाहन वारंवार थांबवून कामाचा वेळ वाया घालवला.’ पुढं आरोपपत्र आलं, खातेनिहाय चौकशीही झाली. नोकरी टिकली. आज दूध, पार्सल, गॅस, बेकरी, सगळ्यांच्या गाड्यांना जीपीएस बसलाय आणि अशा नोटिसा आमच्या भागातल्या पोरांना सर्रास येताहेत. बहुतेक जण घाबरून दुसऱ्याच दिवशी माफीनामा लिहून देतात. त्यांच्या हाती काहीतरी असावं म्हणून हे लिहितोय.

नोटिशीला दोन पानी तक्ता जोडला होता. तारीख, वेळ, ठिकाण, मिनिटं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबा झाला आणि ॲपमध्ये कारण निवडलेलं नसलं, की तो तक्त्यात. ॲपमध्ये कारणं चारच: बिघाड, डिझेल, जेवण, वाहतूक कोंडी. दवाखान्याच्या दारात माल उतरवायची वाट बघतोय, हे कारण यादीतच नव्हतं. आम्ही ड्रायव्हर अशा वेळी डिस्पॅचला, म्हणजे ऑफिसातल्या गाड्या सोडणाऱ्या विभागाला, फोन करायचो नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गेटवर आहे, लाइन आहे’ असं टाकायचो. जतकडं तर रेंजचीच बोंब, तिथं ॲप उघडेपर्यंत माल उतरून व्हायचा. ही पद्धत सुपरवायझर साहेबांनीच घालून दिली होती. मग वर नवे मॅनेजर आले आणि मशीनच्या रिपोर्टपलीकडं काही बघायचं नाही असं ठरलं.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. एसटीत चार्जशीट आणि खुलासा या गोष्टी माणसाला नोकरीभर पुरतात, त्यामुळं त्यांना कागद दाखवला. त्यांनी आधी चष्मा पुसून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, “पोरा, माफी मागू नकोस आणि कुणाला शिव्याही घालू नकोस. माफी मागितलीस की आरोप कबूल. शिव्या घातल्यास की त्याचा वेगळा आरोप. तारीख, वेळ, ठिकाण आणि कागद, एवढंच लिही.” त्यांनीच मला पहिला अर्ज सांगितला. नोटीस इंग्रजीत होती, ती मराठीत मागितली. ज्या रेकॉर्डवरून आरोप ठेवला ते पूर्ण रेकॉर्ड मागितलं. ते मिळेपर्यंत खुलाशाला मुदतवाढ मागितली. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि सही. शिक्का द्यायला ऑफिसात टाळाटाळ झाली, तर काकांच्या सांगण्यावरून तोच अर्ज रजिस्टर एडीनं पाठवला. (२०२५ च्या सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, आता तिथंच पोचपावतीसकट पाठवायचं.)

पूर्ण रेकॉर्ड मागणं हाच या सगळ्यातला कळीचा भाग होता. तक्त्यात फक्त थांबे होते. त्या थांब्यांच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, हे त्यात दिसत नव्हतं. दिवसभराचा संपूर्ण जीपीएस रिपोर्ट हातात आला तेव्हा बहुतेक थांबे दवाखान्यांच्या आणि मेडिकल स्टोअरच्या दारातच होते, असं उघड दिसलं. मिरजेत दवाखान्यांची काय गर्दी आहे ते सांगलीकरांना सांगायला नको. कर्नाटकातनं, सोलापूरकडनं पेशंट येतात. सकाळी मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गेटला माल उतरवायच्या गाड्यांची रांग लागते. फार्मासिस्ट वॉर्डातून मोकळा होऊन येईपर्यंत कुणी सही करत नाही, आणि सही झाल्याशिवाय थंड माल सोडायचा नाही ही कंपनीचीच सूचना आहे.

यात अजून एक गोष्ट होती. रिपोर्टमध्ये दोन वेगळे रकाने असतात. इंजिन बंद करून गाडी उभी, तो एक. इंजिन चालू आणि वेग शून्य, तो दुसरा. माझे जवळपास सगळे थांबे दुसऱ्या रकान्यातले. मॅनेजरांनी त्यावरून आरोपपत्रात आणखी एक ओळ वाढवली: विनाकारण इंजिन चालू ठेवून डिझेल जाळलं. आता आमच्या छोट्या गाडीतल्या थंड पेटीचा कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनावर फिरतो. मोठ्या रेफ्रिजरेटेड ट्रकला थंडाव्यासाठी स्वतंत्र इंजिन असतं, आमच्या गाडीला नाही. इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर बंद. मे महिन्यात मिरजेच्या उन्हात, दर थोड्या वेळानं दार उघडावं लागत असताना, पेटी स्वतःच्या जोरावर किती वेळ गार राहणार? इन्सुलिन गरम झालं तर बाटलीकडं बघून ते कळत नाही. ते घेणाऱ्या पेशंटची साखर आटोक्यात येत नाही, तेव्हा कळतं. रांगेत इंजिन चालू ठेवून मी तो माल जपत होतो.

याचा पुरावा गाडीतच होता. पेटीत तापमान नोंदवणारा लॉगर असतो, दर पाच मिनिटांनी आकडा साठवतो. माल देताना फार्मासिस्ट तो आकडा बघून चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पोच कागदावर, लिहितो, वेळ टाकतो, सही करतो. मी रात्री जेवण झाल्यावर एकेक थांबा घेऊन बसलो. एका बाजूला जीपीएसची वेळ, दुसऱ्या बाजूला लॉगरचं तापमान, तिसऱ्या बाजूला चलनावरची सही. बायकोनं मुलाच्या वहीत रकाने आखून दिले. जिथं जीपीएस म्हणत होता ‘रिकामा वेळ’, तिथं लॉगर सांगत होता की पेटी ४-५ अंशांवर धरून ठेवलीय, आणि त्याच थांब्याच्या शेवटी सही पडलीय. ही जुळणी बघितली तेव्हा नोटीस आल्यापासून पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

कागद लगेच गोळा करायचे, हे कळकळीनं सांगतो. फोनमधली कॉलची जुनी यादी पुसली जाते, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत वरनं नवीन चढून जातं, ग्रुप कुणीतरी बंद करतं. मी डिस्पॅचला केलेल्या कॉलचे स्क्रीनशॉट काढले, ग्रुपवरचे मेसेज तारखेसकट छापून घेतले. ज्या दवाखान्यांत चलनावर वेळ नव्हती तिथं गेटच्या वॉचमनकडं गाड्यांचं रजिस्टर असतं. एका ठिकाणी फोटो काढू दिला. दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणाले, तेव्हा वाद न घालता ते रजिस्टर मागवून घ्यावं असा अर्ज चौकशी अधिकाऱ्यांना दिला.

खुलासा दिला, तरी समाधानकारक नाही म्हणून चौकशी लावली. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील होते. आपल्या बाजूनं सहकारी बसवता येतो, म्हणून मी आमच्यातलाच जुना ड्रायव्हर बसवला. शिकलेला फार नाही, पण गाडीची आणि रस्त्याची त्याला खडान्खडा माहिती. चौकशीत रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोण काय बोललं त्याची नोंद, लिहिला जातो, त्याच्या प्रत्येक पानावर सही घेतात. आम्ही एकही पान न वाचता सही केली नाही. ‘थांबलो होतो हे मान्य’ असं एका पानावर टंकलं गेलं होतं. मी सांगितलं होतं की माल उतरवण्यासाठी थांबलो होतो. ते दुरुस्त करून मगच सही दिली. याला उद्धटपणा समजू नये. पुढं कोर्टात गेलं तर हाच कागद बोलतो.

सुपरवायझर साहेबांची उलटतपासणी माझ्या सहकाऱ्यानं घेतली. त्यानं विचारलं, “साहेब, रांगेत इंजिन बंद केलं आणि पेटी दहा अंशांवर गेली, तर माल कुणाच्या नावावर टाकणार?” साहेब म्हणाले, ड्रायव्हरच्या. “आणि इंजिन चालू ठेवलं, तर आरोप कुणावर?” चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही उत्तरं रोजनाम्यात लिहून घेतली. सुपरवायझर साहेबांचा मला राग नाही. फोन करून कळवायची पद्धत होती, हे त्यांनी त्याच दिवशी सरळ कबूल केलं. त्यांच्याही डोक्यावर मॅनेजर होते, तरी खरं बोलले.

पगाराचं प्रकरण वेगळं. चौकशी सुरू व्हायच्या आधीच त्या महिन्याच्या पगारातून ‘रिकामे तास’ म्हणून पैसे कापले होते. सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन विचारलं, तेव्हा वेतन प्रदान अधिनियम, १९३६ समजला. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय दंड लावता येत नाही, आणि त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड कापता येत नाही. तिथंच मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ची माहिती मिळाली. त्यात माल चढवणं-उतरवणं कामाच्या तासांत धरलं होतं, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम व्हायच्या आत किमान अर्धा तास विश्रांती दिली होती. माझ्या तक्त्यात कवठेमहांकाळला डबा खाल्लेला अर्धा तासही आरोप म्हणून घातला होता! नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यामुळं आता कायद्यांची नावं आणि कलमं बदललीत. अर्ज करताना कार्यालयात विचारून नवी लिहावीत. दंडाची ३ टक्क्यांची मर्यादा नव्या वेतन संहितेतही आहे. आणखी एक: कुणाला चौकशीपर्यंत निलंबित केलं, तर पगार पूर्ण बंद होत नाही. पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता मिळतो. आमच्या एका सहकाऱ्याला हे माहीत नव्हतं, त्यानं भत्ता मागितलाच नाही आणि घर चालेना म्हणून राजीनामा देऊन बसला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

निकालात जवळपास सगळे थांबे ‘कामाशी संबंधित’ ठरले. डिझेलचा आरोप पूर्ण गेला. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत आले. ॲपमध्ये ‘माल उतरवण्याची प्रतीक्षा’ हे कारण नव्यानं घातलं, आणि रेंज नसताना दाबलेलं बटण नंतर पोहोचेल अशी सोयही झाली.

एक थांबा मात्र राहिला. जतहून परत येताना, दुपारी, भोसे फाट्याच्या अलीकडं दंडोबाचा डोंगर दिसायला लागतो त्या पट्ट्यात मी गाडी कडेला घेतली होती. झोप अनावर झाली होती. पहाटे गोदामातनं निघालेलो, ऊन मी म्हणत होतं, नवा रस्ता सरळसोट. डोळा लागून समोरच्यावर जाण्यापेक्षा वीस मिनिटं थांबणं मी पसंत केलं. परतीचा थोडा थंड माल पेटीत होता म्हणून इंजिन चालू ठेवलं. याला ना चलन, ना रजिस्टर, ना कुणाची सही. चौकशीत जे घडलं तेच सांगितलं. त्यावर लेखी समज मिळाली: न कळवता थांबणे, पुन्हा घडल्यास कारवाई.

ही समज माझ्या फाइलमध्ये राहू नये म्हणून मी अपील केलंय. पगाराचं नुकसान काही नाही, घरचे म्हणतात सोडून दे. पण झोप आली म्हणून थांबलेल्या ड्रायव्हरला कागद मिळतो, हे बाकीच्या पोरांनी बघितलंय. उद्या त्यांच्यातला कुणी तोंडावर पाणी मारून तसाच गाडी रेटेल. अपिलात मी दोनच गोष्टी मागितल्यात: समज मागे घ्यावी, आणि ॲपमधल्या कारणांत ‘झोप आल्याने विश्रांती’ हे सहावं नव्हे, पहिलं कारण म्हणून घालावं. अपील आवक झालंय, शिक्का माझ्याकडं आहे. उत्तर अजून यायचंय.